यंदा पुढचा कोण

“निमा, यंदाचा पुढचा तू ठरव,” वायदंडे मास्तर म्हणाले आणि परत गुडघ्याला तेल चोळायला लागले.

मी भिंतीवरच्या खिळ्यांना ग्लोव्ह्ज अडकवत होते. एक जोड हातातच राहिला.

“मी?”

“मग काय भिंतीला सांगतोय?”

“मास्तर, एकीकडं दिगू आहे. माझा सख्खा भाऊ. दुसरीकडं यासीन. मी कुणाचंही नाव घेतलं तरी शिव्या मलाच बसणार.”

“म्हणून तर तुला सांगतोय. शिव्या खायची तयारी नसंल तर पोरं शिकवायच्या भानगडीत पडू नये माणसानं. दसऱ्याच्या सकाळी नाव पाहिजे.”

मला मास्तरांचा असा राग आला की मी तो जोड खिळ्यावर अडकवायच्या ऐवजी जमिनीवर टाकला आणि निघून आले. आता हसू येतं. तेव्हा नवरात्र सुरू होतं, मी उपाशी होते, आणि उपाशी असले की मी तशी बऱ्या स्वभावाची बाई नाही.

पुढचा म्हणजे काय ते सांगते. आमचा बॉक्सिंगचा क्लब मिरजेत मालधक्क्याजवळ एका जुन्या गोदामात होता. खाली फरशी, वर पत्रा, मधे दोरखंड बांधून केलेली रिंग. आरसा नव्हता. मोठ्या क्लबांत म्हणे भिंतभर आरसे असतात, पोरं आपापली चूक बघतात. आमच्याकडं पोरांचा आरसा म्हणजे पुढचा. दरवर्षी दसऱ्याला नवी पोरं घ्यायची, आणि जुन्यांतला एक जण त्यांच्यापुढं उभा करायचा. फरशीवर गेरूनं रंगवलेला एक चौकोन होता, त्यात तो उभा राहायचा, पोरांकडं पाठ करून. तो पाय टाकेल तसा पोरांनी टाकायचा, तो हात उचलेल तसा उचलायचा. संक्रांतीपर्यंत पोरांना ग्लोव्ह्ज मिळायचे नाहीत आणि एक शब्दही शिकवला जायचा नाही. मास्तर फौजेत बॉक्सिंग करून आलेले, पण बोलून शिकवण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “कानातनं गेलेलं मारामारीत आठवत न्हाई. डोळ्यातनं गेलेलं आठवतं,” म्हणायचे.

त्यामुळं पुढचा चुकला की त्या वर्षीची सगळी पोरं चुकायची. एका साली पुढचा होता त्याला पंच मारताना जीभ बाहेर काढायची खोड होती. ती पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, तरी एकाचीही जीभ आत गेली नव्हती.

आणखी दोन नियम होते. एक, पुढच्याला संक्रांतीपर्यंत रिंगमध्ये उतरवायचं नाही, त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. त्याचं तोंड सुजलेलं दिसलं की नवी पोरं बाकी काही शिकायच्या आधी भ्यायला शिकतात, असं मास्तरांचं म्हणणं. दुसरा, जो नाव घेईल त्यानं कारणही सांगायचं, सगळ्यांसमोर, पोरांना कळेल असं.

मी स्वतः कधी रिंगमधली लढत खेळले नाही. तेव्हा बायकांच्या स्पर्धा आमच्याकडं नव्हत्याच. दिवसा औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि संध्याकाळी बारक्या पोरांना सांभाळायची. पण बघून बघून माझी नजर तयार झाली होती. मास्तरांचा गुडघा गेल्यापासून ते निम्मे दिवस घरीच असत, आणि मोठ्या पोरांचा सकाळचा सराव आपापला चाले.

घरी गेले तर दिगू सायकलला डबे अडकवत होता. मिरजेत दवाखाने फार, आणि दवाखान्यांत गावोगावचे पेशंट. त्यांच्या नातेवाइकांना आई डबे पुरवायची, दिगू पोचवायचा. वडील गेल्यापासून आई त्या चुलीपुढं बसलेली ती उठलेलीच नव्हती. दिवाळीनंतर दिगूची खेळाडूंच्या भरतीची निवड चाचणी होती. त्यात लागला असता तर सरकारी नोकरी, आणि आईची चुलीपासून सुटका. आमच्या घरात त्या वर्षी दुसरा विषयच नव्हता.

“आक्का, मास्तरांनी तुला विचारलं म्हणं,” दिगू म्हणाला.

“बातमी माझ्या आधी घरी पोचली का?”

“मलाच कर.”

“बघू.”

“बघू काय? मलाच कर. कधी काय मागितलं का मी तुझ्याकडं?”

मी दचकले. दिगू असा गळ घालणारा नव्हता. जिल्ह्याचा चॅम्पियन होता तो. हात खाली सोडून, अंग झुलवत लढायचा, समोरच्याला वाटायचं आता सापडला, आणि तेवढ्यात तो दुसरीकडं असायचा. लोक शिट्ट्या मारायचे. असल्या मानासाठी तो हात पसरेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“तुझे हात खाली असतात,” मी म्हणाले. “तुला चालतं, तू चपळ आहेस. पोरांनी तसं केलं तर एकेकाचं नाक फुटेल.”

“मग हात वर धरतो. सांगशील तसा उभा राहतो. मला चौकोनात उभं कर, झालं.”

आणि डोळ्यात घालायचे थेंब मागून घेऊन गेला. धुळीनं चुरचुरतंय म्हणाला. गेल्या महिन्यातही नेले होते. मी दिले.

मला चैन पडेना. यासीनचं नाव घ्यावं असं डोकं सांगत होतं. यासीन मुजावर म्हणजे सगळं काही जिथल्या तिथं. हनुवटी आत, कोपर बरगडीला, पाऊल जिथून निघालं तिथंच परत. त्याची लढत लागली की लोक चहा प्यायला उठत. दिगूशी तो नेहमी हरायचा, आणि हरल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारायचा. शिकायला तोच बरा, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण दिगूनं कधी नव्हे ते तोंड उघडून मागितलं होतं.

मी मास्तरांकडं गेले. म्हणाले, “दोघांना एकेक सकाळ उभं करते. नवी पोरं आधीच बोलावते. पोरं काय उचलतात ते बघून ठरवते.”

“कर. मी येत न्हाई. मी असलो की पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात.”

पहिल्या सकाळी यासीन. पोरं ओळीनं मागं उभी, मी समोर भिंतीला टेकून. यासीननं एक पाऊल पुढं घेतलं, एक मागं. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. पोरं जांभया द्यायला लागली. पिंट्या म्हणून एक कडेला होता, तो पोट खाजवत होता. शेवटी मला दया आली आणि मी सोडून दिलं. पण जाता जाता बघितलं, तर त्या खाजवणाऱ्या पिंट्यासकट सगळ्यांची पावलं बरोबर पडली होती.

दुसऱ्या सकाळी दिगू आला आणि गोदामात दिवा लावल्यासारखं झालं. पोरं जागी झाली. कबूल केल्याप्रमाणं त्यानं हात वर धरले होते, आणि काय सुंदर दिसत होता. मला वाटलं, चला, मिटलं. भावाचं नाव घ्यायचं आणि कुणाला काही बोलायला जागाही उरणार नाही. खरं सांगते, मला रडूच यायला लागलं.

आणि मग मला पोरांच्या माना दिसल्या.

सगळ्यांच्या माना डावीकडं वळलेल्या. थोड्याच, पण सगळ्यांच्या. फोटोवाल्यानं सांगितल्यासारखी ओळच्या ओळ डावीकडं तोंड करून उभी. त्यामुळं प्रत्येकाची हनुवटी खांद्याच्या आडोशातून बाहेर आलेली.

“माना सरळ करा रे,” मी ओरडले.

पोरांनी केल्या. जरा वेळानं परत वळल्या.

“पिंट्या, काय सांगितलं मी?”

“पर आक्का, दिगूदादांची तर अशीच हाय.”

मी दिगूकडं बघितलं. इतकी वर्षं त्याला बघत होते, पण तो एवढा हलायचा की मान कुठं आहे ते कळायचंच नाही. ती मला त्या पोरांत दिसली.

“सवय लागलीय,” दिगू म्हणाला आणि मान सरळ केली. मग डावं पाऊल टाकलं, ते थेट पाण्याच्या बादलीवर. बादली डाव्या अंगाला होती, केव्हाची तिथंच होती. पाणी फरशीभर झालं. पोरं हसली, दिगूही हसला. मी तशीच बाहेर गेले.

यासीन बाहेर मालधक्क्याच्या पायरीवर हाताला पट्टी गुंडाळत बसला होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

“यासीन, दिगूला काय झालंय?”

“काय न्हाई की.”

“माझ्याकडं बघून बोल.”

तो पट्टी सोडायला लागला. सगळी सोडली, परत गुंडाळायला घेतली.

“आक्का, मी गणपतीपासनं त्याच्यावर उजवा हात टाकत न्हाई,” तो म्हणाला. “त्याला दिसतच न्हाई तो. मी टाकला आणि बसला तर? दुसऱ्या कुणाला बी त्याच्यासंगं उतरू देत न्हाई. म्हणून मीच हरतोय रोज.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“त्यानं मला गळ्याची शपथ घातलीया.”

मी दुकानात गेलेच नाही. घरी आले. आई देवळात गेली होती, दिगू परसात डबे घासत बसला होता. मी त्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

“काय दिसतंय?”

तो हसून हात काढायला गेला. मी काढू दिला नाही.

“सांग.”

“समोरचं दिसतंय,” तो म्हणाला. “तू दिसतेस. बाजूला काळं आहे. पडदा ओढल्यासारखं.”

“कधीपासून?”

“गणपतीतल्या लढतीत बसला होता एक. आधी चमकायचं. मग माशा उडाल्यासारख्या दिसायला लागल्या. मग हे.”

औषधाच्या दुकानात उभं राहून डोळ्याच्या पडद्याचं एवढं तरी मला माहीत होतं, की हे आपोआप बरं होत नाही. सरकत सरकत सगळा डोळा जातो. आणि त्यावर पुन्हा मार बसला तर सरकायचीही वाट बघावी लागत नाही. मी त्याला थेंब देत होते. धुळीसाठी.

“चल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात.”

“आणि मग? ते बॉक्सिंग बंद म्हणणार. चाचणी गेली. नोकरी गेली. आईनं काय मरेपर्यंत भाकरी थापायच्या?”

“अरे, डोळा जाईल तुझा.”

“एकच जाईल.”

मी त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला आणि तसाच राहिला. त्याच्या डावीकडून उचलला होता. त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही.

“ऐक आक्का,” तो म्हणाला. “पाटीवरची अक्षरं मला अजून वाचता येतात, तपासणीत अडत न्हाई. पुढचा झालो की मास्तरांचा नियम आहे, कुणी अंगाला हात लावायचा न्हाई. दिवाळीपर्यंत डोळ्याला आराम. मग चाचणीतल्या लढती तेवढ्या काढतो. आजवर कोण मला सहज मारू शकलंय? नोकरी लागली की लगेच ऑपरेशन. म्हणून तुला सांगतोय, मला चौकोनात उभं कर.”

तर असं होतं ते. मान मिळावा म्हणून नाही, आडोसा म्हणून पाहिजे होता त्याला तो चौकोन.

“आणि आईची शपथ घे,” तो म्हणाला. “मास्तरांना, आईला, कुणालाच तू तोंडातनं शब्द काढणार न्हाईस.”

“नाही घेणार.”

“मग मी चाचणीपर्यंत सांगलीला जाऊन राहतो. तिथल्या क्लबात सराव करतो. तिथं यासीन न्हाई हात आवरायला.”

तो बोलला की करायचा. मी शपथ घेतली. त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि लहानपणी पेरू चोरून आणल्यावर द्यायचा तसा त्यानं एक घासलेला डबा माझ्या हातात दिला. त्याला वाटलं, काम झालं.

त्या संध्याकाळी मी स्टेशनवर जाऊन फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. कुठं जायचं नव्हतं. घरात बसवत नव्हतं, देवळात बसवत नव्हतं. दिगूचं नाव घेतलं तर तो महिनाभर सुरक्षित आणि नंतर थेट चाचणीच्या रिंगमध्ये. यासीनचं घेतलं तर मास्तर कारण विचारणार, आणि कारण माझ्या तोंडातून निघायचं नाही. आईची शपथ. मी असल्या गोष्टी मानत नाही असं म्हणते खरी, पण आईची शपथ मोडायची माझी छाती नव्हती. हमाल विचारायला लागले, ताई, कुणाची गाडी चुकली का.

दसऱ्याच्या सकाळी ग्लोव्ह्जना झेंडूचे हार घातलेले होते. मास्तर खुर्चीवर, काठी मांडीवर. नवी पोरं ओळीत. दिगू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. माझ्याकडं बघून किंचित हसला.

“हं, निमा. कोण?”

मी दिगूकडं न बघता मास्तरांकडं बघितलं.

“यासीन,” मी म्हणाले.

दिगूचं हसू तिथंच राहिलं, जायचं विसरल्यासारखं.

“यासीन का, ते सांग,” मास्तर म्हणाले. “जिंकणारा हा, आणि नाव त्याचं. पोरांना कळू दे.”

“मी सांगत नाही.”

“नियम आहे.”

“माहीत आहे. पोरं सांगतील.” मी पोरांकडं वळले. “पोरांनो, उभं राहा बघू. परवा दिगूदादांनी शिकवलं तसं.”

“आक्का,” दिगू म्हणाला. अगदी हळू.

पोरं हौसेनं उभी राहिली. हात वर. पाय पुढं. आणि एकेक करून सगळ्यांच्या माना डावीकडं वळल्या.

मास्तर बघत राहिले. आधी पोरांकडं, मग दिगूकडं, परत पोरांकडं. फौजेत त्यांनी किती जणांचे डोळे जाताना बघितले होते देव जाणे. काठी टेकून उठले. तो गुडघा घेऊन लंगडत पोरांच्या पुढून गेले, आणि दिगूच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले, हातभर अंतरावर, काही न बोलता. दिगू समोरच बघत होता. त्याला वाटत होतं, मास्तर अजून पोरांपाशीच आहेत.

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो केवढ्यानं दचकला.

“चल लेका,” मास्तर म्हणाले. “दवाखाना उघडला असंल.”

दिगूनं माझ्याकडं बघितलं. “तू शपथ घेतली होतीस.”

“मी एक शब्द बोलले नाही.”

“बोललीस,” तो म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, निम्मी नजर तरी राहील, आणखी उशीर केला असता तर तेवढीही राहिली नसती. बॉक्सिंग बंद. चाचणीला दिगू गेला नाही. डोळ्याचा पडदा नीट बसावा म्हणून दवाखान्यात त्याला पालथं झोपवून ठेवलं होतं, मी पाणी दिलं तर घ्यायचा, पण आईनं दिल्यावर घ्यायचा तसं मान वर करून नाही. आईला सगळं कळल्यावर तिनं पिठाचा डबा पुढं ओढला आणि ती भाकरी थापायला बसली. डबे यासीन पोचवायचा, स्वतःच्या सायकलवर, सकाळचा चौकोन संपला की. पोरांच्या माना सरळ व्हायला संक्रांत आली.

सगळ्यांना वाटायचं मी बरोबर केलं. मास्तरांना, यासीनला, दुकानाच्या मालकालासुद्धा. पण त्या सगळ्यांच्या बरोबरमध्ये माझा भाऊ नव्हता. माझ्याच घरात मी पाहुणीसारखी वावरत होते. ताट वाढायचं, बाजूला व्हायचं. तो हसत असला आणि मी आत आले की हसणं थांबायचं. मला वाटायचं, मुकाट्यानं त्याला चौकोनात उभं केलं असतं तर निदान हाक तरी मारली असती.

आता तोच क्लब चालवतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, “माझ्याकडं बघू नका, यासीनकाकांकडं बघा.” त्याची मान अजून डावीकडंच आहे, ती काही सरळ झाली नाही. पण हे सगळं पुढचं.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी आईनं मला त्याच्याबरोबर जबरदस्तीनं पाठवलं होतं. येताना तो पुढं, मी मागं, अनोळखी माणसं चालावीत तसे. मार्केटपाशी रस्ता ओलांडायचा होता. रिक्षा, सायकली, उसाचे ट्रॅक्टर, सगळं एकाच वेळी अंगावर येत होतं. दिगू कडेला थांबला. एक पाऊल टाकलं, मागं घेतलं. परत टाकलं, परत घेतलं. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. हात धरायची हिंमत झाली नाही.

बराच वेळ आम्ही तसेच उभे. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर जात राहिले.

“आक्का,” तो रस्त्याकडं बघतच म्हणाला, “डावीकडनं चाल.”

मी डावीकडं गेले. अजून तिकडूनच चालते.